मशीन घ्यायच्या आधी मालकांशी बोल

पत्र थोडक्यात असं: लिहिणारा मुलगा २९ वर्षांचा, बेळगावजवळच्या एका गावातला. आयटीआय मशिनिस्ट. उद्यमबागेतल्या (बेळगावची कारखान्यांची वसाहत) एका वर्कशॉपमध्ये सात वर्षं झाली, हेल्पर म्हणून लागला, मग ऑपरेटर, आता सेटर, म्हणजे नवीन काम मशीनवर लावून देणारा. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) प्रोग्राम लावण्यापासून पहिला पीस पास करून घेईपर्यंत सगळं तोच बघतो. आता स्वतःचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग मशीनवर करून द्यायचं काम, सुरू करायचंय. एक सेकंडहँड टर्निंग सेंटर दहा लाखांत मिळतंय, शेडही बघून ठेवलीय. घरचे म्हणतात आधी सगळं शिकून घे मग उडी मार. मोबाइलवर एका 'फाउंडर प्रोग्राम'ची जाहिरात आली, बारा आठवडे ऑनलाइन, पुण्याचे मोठे मेंटॉर, फी ४८,०००, आज भरली तर सूट. दुसरीकडे बँकेच्या सेंटरचं फुकट ट्रेनिंग आहे, पण ते कन्नडमधून आणि याचं कन्नड 'कामापुरतं'. प्रश्न असे, की पैसे भरू का, चांगला मेंटॉर कुठे मिळेल, आणि भाषेची अडचण आहे तर कोल्हापूरला जाऊन शिकू का. पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, "मालकांना अजून काही सांगितलेलं नाही, कळलं तर काढून टाकतील."

अरे बाबा, (माझा मुलगा तुझ्याच वयाचा आहे म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस) आधी त्या ४८ हजारांचं सांगते कारण सूट आजच्या आज संपणार म्हणालास. संपू दे.

फी घेऊन शिकवणारे सगळे लबाड असतात असं नाही हं, चांगलेही आहेत. पण तू जाहिरातीचा फोटो पाठवलायस त्यात काय काय शिकवणार ते परत एकदा वाच. पिच कसं करायचं, गुंतवणूकदारासमोर काय बोलायचं, व्हॅल्युएशन कसं काढायचं. ज्याला ॲप काढायचंय आणि दुसऱ्याचे दोन कोटी घेऊन वाढवायचंय त्याच्या ते कामाचं असेल. तुला कुठला गुंतवणूकदार भेटणारे? तुला भेटणार तो परचेसवाला, जो ड्रॉइंग पुढे सरकवून म्हणणार की मागचा माणूस पीसला साडेअकरा लावत होता, तू दहा लाव, क्वांटिटी देतो. आणि ती क्वांटिटी दोन महिन्यांनी अर्धी होणार. त्याच्यापुढे कसं बसायचं हे त्या बारा आठवड्यांत मला तरी कुठे दिसलं नाही.

मी पण भरलेत असे पैसे. मच्छेला पॅकिंग बॉक्सचं युनिट काढलं होतं मी, कोरुगेटेड खोके, बावीस वर्षं चालवलं, आता भाचा बघतो. सुरुवातीला एका शिबिराला गेले, मोठ्या हॉटेलात तीन दिवस, कोट घातलेला माणूस, टाळ्या, सगळ्यांना खुर्चीवर उभं करून "मी करू शकते" असं ओरडायला लावलं, तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट. चौथ्या दिवशी युनिटवर आले तर कागदाची रीळं देणाऱ्या रीलवाल्याचा माणूस पैशासाठी येऊन बसलेला. त्याला काय सांगायचं ते सर्टिफिकेटवर छापलेलं नव्हतं.

तरी कुणाकडे पैसे भरायचेच असतील, तुला किंवा हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला, तर आधी फोन करून विचारा की शिकवणाऱ्याने स्वतः पगार वाटलेत का, आणि कुठल्या धंद्यात. आमचा हिशोब उघडून बघणार का, का नुसतं शंभर जणांना स्क्रीनवरून सांगणार. माझ्याच धंद्यातली, मागच्या बॅचची दोन-तीन माणसं फोनवर जोडून देता का. शेवटच्या प्रश्नाला जो आढेवेढे घेईल त्याला नमस्कार करायचा आणि फोन ठेवायचा.

आता फुकटच्या ट्रेनिंगचं. फुकट म्हणून हलकं समजू नकोस, त्याच्यामागे मोठी गोष्ट आहे. १९८२ मध्ये धर्मस्थळाजवळ उजिरेला वीरेंद्र हेगडे यांनी सिंडिकेट आणि कॅनरा बँकेला बरोबर घेऊन रुडसेटी सुरू केली, गावातल्या बेरोजगार पोरांना थोड्या दिवसांत एखादं काम आणि धंदा कसा चालवायचा ते शिकवायचं, राहणं-जेवण फुकट. ते एवढं चाललं की पुढे केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यात तसलं सेंटर काढायचं ठरवलं, आरसेटी म्हणतात ते हेच. म्हणजे देशभर जे चाललंय ते आपल्याच राज्यातून गेलंय. यातलं मला सगळ्यात आवडतं ते काय, तर ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं त्यांनी मागे लागून विचारायचं असतं, सुरू केलंस का, कर्ज झालं का, कुठे अडलंय. सगळीकडे ते सारख्याच मनाने होतं असं नाही, पण हक्काने फोन करता येतो. तू नोकरीत आहेस, तेव्हा तुला घेतात का ते आधी जाऊन विचार. नसेल घेत तर धारवाडला कर्नाटक सरकारचं उद्योजकता विकास केंद्र आहे, सीडॉक, त्यांच्याकडे चौकशी कर, आणि हुबळीला देशपांडे फाउंडेशनचं काम आहे, तिकडे नवीन धंदेवाल्यांना बसायला जागा आणि मार्गदर्शन दोन्ही मिळतं.

अशा ट्रेनिंगमध्ये पहिल्या एक-दोन दिवसांत रिंग फेकायचा खेळ घेतात. समोर खुंटी, हातात रिंगा, कुठे उभं राहायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. पोरं हसतात, हे काय लहान मुलांचं म्हणून. पण ते हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांच्या अभ्यासातून आलंय, १९६४ च्या सुमारास त्यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या धंदेवाल्यांना असंच ट्रेनिंग देऊन बघितलं होतं. कोण खुंटीला नाक लावून उभा राहतो, सगळ्या रिंगा पडतात पण त्यात काय मजा. कोण पार भिंतीला जातो, पडली तर नशीब. धंद्याला बरा तो, जो जमेल पण जोर लावावा लागेल अशा अंतरावर उभा राहतो आणि एक चुकली की अर्धं पाऊल मागे-पुढे सरकतो. घरच्यांचं 'आधी सगळं शीक' म्हणजे खुंटीला नाक लावणं झालं. आणि तुझं एकदम दहा लाखांचं मशीन म्हणजे पार भिंत. मधली जागा आहे तुझ्यासाठी, तिकडे मी येतेच.

कन्नडचं काय घेऊन बसलास रे. उद्यमबागेत सात वर्षं काढलेल्या माणसाला कन्नड येत नाही हे मला कुणी सांगू नये. तुमच्या शेडमध्ये हेल्पर कन्नड, ऑपरेटर मराठी, कास्टिंग घेऊन येणारा टेम्पोवाला तिसराच कुणीतरी आणि ड्रॉइंग इंग्रजीत, तरी पीस पास होतातच की. थर्ड गेटला चहा पिताना जे बोलतोस तेवढ्यावर ट्रेनिंग कळतं, शिकवणारे पण आपल्याच भागातले असतात, अडलं तर मराठीत सांगतात. अडचण बोलण्याची नाही, वाचण्याची आहे, ते मात्र खरं. हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) अर्ज, पंचायतीचं पत्र, शेडचं करारपत्र, कन्नडमधला एकही कागद दुसऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, भले समोरचा ओळखीचा असो. आणि ऑफिसात गेल्यावर आपल्याकडे सगळ्यांना जे पहिलं कन्नड येतं, "नाळे बन्नी" (उद्या या), ते ऐकून तोंड पाडून परत यायचं नाही, उद्या किती वाजता आणि कुणाला भेटू ते तिथेच विचारून वहीत लिहून घ्यायचं.

कोल्हापूरला शिकायला जायला हरकत काहीच नाही, शिरोलीची, गोकुळ शिरगावची वर्कशॉपं बघून ये, डोळे उघडतात. पण तिथल्या सरकारच्या योजना तिथल्या रहिवाशाला. तुझं आधार इकडचं, शेड इकडची, मीटर इकडचा, मग अर्ज पण इकडेच. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, बँकेचा हप्ता काय त्याची वाट बघत थांबत नाही.

बरं, आता वही काढ. पत्रात तू लिहिलंयस की मालक पार्टीला तासाला साडेतीनशे लावतात, मला पण तेवढे मिळाले तरी सुटतं. सुटतं का बघू. दहा लाखांच्या मशीनला आठ लाख कर्ज धरू, ११ टक्के, पाच वर्षं, हप्ता साधारण १७,४०० येतो. शेडभाडं ९,००० धर. लाइट ८,०००. तुझा स्वतःचा पगार २०,०००, आणि हा धरायचाच, फुकट राबायला नोकरी सोडायची नाही. इन्सर्ट (कापायची पाती), कूलंट, ऑइल ६,०००. जुनं मशीन आहे म्हणजे मेंटेनन्सला महिन्याला ४,००० बाजूला. टेम्पो, अकाउंटंट, फोन, चहा ३,०००. झाले ६७,४००. आकडे तुझ्याप्रमाणे बदल, रीत हीच. आता तास. पंचवीस दिवस, आठ तास, २०० तास. २०० ने भागलंस तर तासाला ३३७ येतात आणि तुला वाटतं साडेतीनशेत सुटलं, तेरा रुपये उरले पण. पण तू सेटर आहेस, तुला मी सांगायला नको, सेटिंगमध्ये मशीन किती वेळ गप्प असतं. नवीन जॉब लावताना अर्धा दिवस, कास्टिंग वेळेवर आलं नाही म्हणून एक दिवस, लाइट गेली, पीस रिजेक्ट झाला परत कर. २०० पैकी १४० तास चिप पडली, म्हणजे मशीनने खरंच काम केलं, तरी नवख्याला पुष्कळ झालं. १४० ने भाग. ४८१. म्हणजे साडेतीनशेने काम घेतलंस तर दर तासाला १३१ रुपये खिशातून घालणार, महिन्याला अठरा हजारांच्या वर, आणि मशीन रात्रंदिवस चालतंय म्हणून गावात सगळे म्हणणार पोराचं बरं चाललंय.

मालकांना साडेतीनशे कसे परवडतात? त्यांच्या मशीनचं कर्ज कधीच फिटलंय, शेड स्वतःची असेल, आणि तेच तेच जॉब वर्षानुवर्षं चालतात म्हणून सेटिंग कमी. ते तुला आतून दिसत नाही कारण तू मशीनसमोर उभा आहेस, टेबलामागे बसलेला नाहीस. माझंही तेच झालं होतं, बॉक्सचा रेट काढताना रीलच्या कडेचं कटिंग धरलंच नव्हतं, शंभर किलो कागदामागे सात-आठ किलो भंगारात जात होतं आणि मी सहा महिने त्याच रेटने खुशीत माल देत होते.

हे मला कुणी दाखवलं माहितेय? दुसऱ्या बॉक्सवाल्याने. हुबळीकडचा होता, एका लग्नात शेजारी बसला, मी रेट सांगितला तर त्याने पंगतीतच विचारलं, "आक्का, वेस्टेज किती धरला?" मी गप्प. बेळगावातला असता तर त्याने सांगितलं नसतं, सांगून त्याचीच पार्टी गेली असती. हुबळीच्या माणसाचं माझ्यामुळे काहीच बिघडत नव्हतं. तेव्हापासून कुणी मेंटॉर कुठे शोधू विचारलं की माझं उत्तर एकच, धंदा तोच आणि गाव लांबचं. तुझ्यासाठी शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा हुबळीचा एखादा जॉबवर्कवाला, तो पण दोन-तीन मशीनचाच, पन्नास मशीनचा नको, त्याला तुझ्या अडचणी आता आठवत पण नसतात. मशीन विकणारे डीलर, इन्सर्टचे सेल्समन सगळीकडे फिरतात, त्यांना विचार, ते ओळख करून देतात.

आणि गेल्यावर "सर माझे मेंटॉर व्हाल का" असं विचारू नकोस बाबा, माणूस घाबरतो, याला आता आयुष्यभर सांभाळायचं की काय म्हणून. एक ड्रॉइंग ने, त्यावर तू काढलेला रेट लिहून ने, आणि म्हण, हे बघून सांगा कुठे चुकलंय. वीस मिनिटांचं काम. महिन्याने परत जा, मागच्या वेळी सांगितलेलं काय केलंस ते आधी सांग आणि मगच नवीन विचार. अशी चार वेळा गाठ पडली की तो आपोआप तुझा माणूस होतो, नाव काही द्यायला लागत नाही. रिकाम्या हाताने पण जाऊ नकोस. तू चांगला सेटर आहेस, त्याच्याकडे एखादा जॉब अडला असेल तर सुट्टीच्या दिवशी जाऊन लावून दे.

लांबच्या एका माणसावर सगळं भागत नाही. हिशोबाला जवळचं कुणीतरी लागतं जे दर महिन्याला वही बघेल आणि तोंडावर बोलेल, रिटायर झालेला बँकवाला, वर्कशॉपमधला जुना अकाउंटंट, कुणीही. भावाला किंवा बायकोला बसव हिशोबाला, तेही चालतं, लाजू नकोस. आपल्याच गावातलं बघ, किर्लोस्कर रोड ज्यांच्या नावाने आहे ते लक्ष्मणराव मुंबईला शिकवायला होते तेव्हा तिकडून सायकली पाठवायचे आणि इकडे बेळगावात त्या विकायचं काम भाऊ रामुअण्णा बघायचे. पुढे लोखंडी नांगर काढला तर शेतकरी घेईनात, लोखंडाने जमिनीला विष लागतं म्हणायचे, पहिले नांगर खपायलाच दोनेक वर्षं गेली. यंत्र कळणारा आणि गिऱ्हाईक कळणारा एकच माणूस असेल असं नसतं, एवढ्यासाठी सांगितलं.

आता कुणी पाटी लावून शिकवत नाही पण तुला लागेल असं थोडं. सबसिडीचं कर्ज घ्यायचं डोक्यात असेल, पीएमईजीपी, तर क्रम चुकवू नकोस. ती योजना नवीन युनिटलाच आहे. आधी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) काढून बिलं फाडलीस आणि सहा महिन्यांनी अर्ज केलास तर हे चालू युनिट आहे म्हणून परत पाठवतात, असे हात चोळत बसलेले मी बघितलेत. गावात शेड असेल तर जनरलला २५ टक्के, महिला, एससी, एसटी, ओबीसी वगैरेंना ३५ टक्के, शहरात दहा-दहा टक्के कमी. पैसे हातात येत नाहीत, तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतात आणि मग कर्जात वळते होतात, तेव्हा सबसिडीच्या जोरावर हप्त्याचं गणित मांडू नकोस. धंद्याचं ट्रेनिंग त्यात सक्तीचंच आहे, म्हणजे तुझा शिकायचा प्रश्न तिथे पण सुटतो. आणि ते सेकंडहँड मशीन बसतं का हे ॲडव्हान्स द्यायच्या आधी बँकेत विचार, साधारण नव्याचंच कोटेशन मागतात. तुझ्या आठ लाखांसारख्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मॅनेजर शेताचा उतारा मागायला लागला तर नम्रपणे त्याची आठवण करून दे.

दुसरं खास आपल्या सीमेवरच्यांसाठी. शिनोळी इथून जवळच पण राज्य दुसरं, महाराष्ट्र. पार्टीने स्वतःचं कास्टिंग दिलं आणि तू नुसतं मशिनिंग करून परत पाठवलंस तर ते जॉबवर्क, म्हणजे सर्व्हिस, वीस लाखांपर्यंत उलाढालीला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण बार स्वतः विकत आणून त्याचा पीस बनवून शिनोळीला विकलास की तो माल झाला, दुसऱ्या राज्यात गेला, आणि मग राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला असते ती चाळीस लाखांची सूट वगैरे काही नाही, पहिल्या रुपयापासून नोंदणी. कास्टिंग तिकडून इकडे जॉबवर्कला येत असेल तर ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) लागतंच, माल दोन हजारांचा असला तरी. "इतकं जवळ तर आहे" हे चेकिंगवाला ऐकत नाही.

तिसरं पेमेंट. उद्यम नोंदणी झाल्यावर लेखी कराराने सुद्धा ४५ दिवसांच्या वर कुणी तुझे पैसे ठेवू शकत नाही, करार नसेल तर १५ दिवस. २०२४ पासून तर वेळेत दिले नाहीत तर ज्या वर्षी पैसे देतील त्याच वर्षी त्यांना तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येतो, त्यामुळे मोठ्या कंपन्यांचे अकाउंटवाले जरा हलायला लागलेत. पण कायदा आहे म्हणून पहिल्याच महिन्यात नोटीस काढशील तर पुढचं काम नाही, हेही तितकंच. बिलावर उद्यम नंबर आणि तारीख ठळक छापायची, तेवढंच पुष्कळ बोलतं. तरी तीन महिन्यांचं इन्सर्ट-भाडं-हप्ता हाताशी ठेवूनच सुरू कर.

(मशीनवाले नसलेल्या वाचकांसाठी एक. चप्पल करणारे, कुंभार, लोहार, सुतार असाल तर पीएम विश्वकर्मा बघा, ट्रेनिंगला दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांना १५,००० आणि मग पाच टक्क्याने कर्ज. गूळ, पापड, मसाला, काजू अशा खाण्याच्या धंद्याला पीएमएफएमई, त्यात ३५ टक्के सबसिडी आणि कागदपत्रं करून द्यायला जिल्ह्याला माणूस नेमलेला असतो, त्याचं मानधन तुमचं कर्ज मंजूर झालं तरच निघतं, तेव्हा तो तुमच्यासाठी पळतो. एजंटला पैसे देऊ नका.)

आता मधली जागा, आणि मालक.

तू लिहितोस कळलं तर काढून टाकतील. टाकतील का खरंच? सात वर्षं शिकवलेला सेटर काढून टाकणं मालकाला परवडत नाही रे, दुसरा तयार करायला वर्ष जातं. मला वाटतं तू नोकरी जायला घाबरत नाहीस, ती तू सोडणारच आहेस म्हणा. तू त्यांच्या चेहऱ्याला घाबरतोस. आणि ते बरोबर आहे, ज्यांनी तुला मायक्रोमीटर धरायला शिकवला त्यांना मागच्या दाराने कळावं हे वाईटच. उद्यमबाग केवढी ती, तू शेड बघायला गेलास हे त्यांना अजून कळलं नसेल असं तुला वाटतं?

तर त्यांना विचारायचं ते हे. तुमच्याकडे सेकंड शिफ्टला एक मशीन बंद असतं असं तूच लिहिलंयस. ते तासाच्या भाड्याने किंवा हिश्शाने मागायचं. पार्टी तू आणायची, सेटिंग तू करायचं, इन्सर्ट तुझे, लाइट आणि मशीनचे तासाला अमुक. बिल सुरुवातीला त्यांच्याच नावाने फाडायचं आणि तुझा हिस्सा त्यांच्याकडून घ्यायचा, म्हणजे तुझं युनिट कागदावर अजून जन्मलेलं नाही आणि पीएमईजीपीचा अर्ज शाबूत राहतो. सहा महिने असं चालव. दिवसा पगार, संध्याकाळी स्वतःचं काम. जिवाला त्रास होईल, बायकोला आधी सांग. पण सहा महिन्यांत तुला कळेल की पार्टी खरंच येते का, १४० तास भरतात का, पैसे किती दिवसांनी मिळतात, आणि दहा लाखांपैकी एक रुपया अजून अडकलेला नसेल. हजारो रुपये भरून सुद्धा असलं ट्रेनिंग कुणी देत नाही, आणि चुकलं तर अर्धं पाऊल मागे यायला जागा आहे.

एक मात्र पाळायचं. त्यांच्या पार्टीकडे जायचं नाही. ते ड्रॉइंग तुला तोंडपाठ आहे, परचेसवाला तुला नावाने ओळखतो, तो स्वतःहून म्हणेल पण, काय गा, तूच करून दे की, दोन रुपये कमी लाव. नाही म्हणायचं आणि मालकांना ते सांगायचं पण. ही गोष्ट मालकांना बोलतानाच पहिल्यांदा सांग, त्यांच्या मनात पहिला विचार तोच येणार आहे.

ते नाही पण म्हणतील. काही मालक म्हणतात. रात्री मशीन कोण सांभाळणार, ऑपरेटर बिघडतील, काहीही कारण असेल. मग रागावू नकोस, दुसरीकडे अशीच बंद पडलेली शिफ्ट शोध, जीटीटीसीत (सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर) एखादा पार्टटाइम कोर्स करून प्रोग्रामिंग पक्कं कर, मशीनचा विचार पुढच्या वर्षावर ढकल. आणि बोलायला जायच्या आधी घरखर्चाचे तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेव, खरोखरच त्या दिवशी हिशोब हातात दिला तर घरी जाताना पाय लटपटू नयेत.

पगाराच्या दिवशी बोलू नकोस, डिस्पॅचच्या गडबडीत तर अजिबात नको. शनिवारी संध्याकाळी मशीन पुसून झालं, पोरं गेली की केबिनच्या दारात उभा राहा. आणि गोल गोल बोलू नकोस, आधी वातावरण बघतो वगैरे काही नको. "मालक, मला स्वतःचं सुरू करायचंय, तुमच्या पार्ट्या सोडून. तुम्ही सुरू केलं तेव्हा पहिला रेट कसा काढला होता ते मला सांगा." एवढंच म्हण आणि गप्प बस. पंधरा-वीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलेलं नसणार. वही बरोबर असू दे. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि १४० तासांचा तुझा आकडा किती आला तो पण.